धोबीतलावचा खर्ज

मुंबईंतील धोबीतलावावर आज धोबी नाहींत आणि तलावहि नाहीं. एके काळीं येथें तळें होतें व त्याच्या कांठीं परीट कपडे धूत असत. पुढें फ्रामजी कावसजी बनाजी या दानशूर पारशी गृहस्थांनीं त्या तळ्याच्या दुरुस्तीस मोठी रक्कम खर्च केली, त्यांचें नांव तळ्यास मिळालें, आणि शहर वाढत गेल्यावर तळें बुजून गेलें. त्यांच्या नांवाची इन्स्टिट्यूट मात्र अजून उभी आहे. चौकास हल्लीं वासुदेव बळवंत फडके यांचें नांव आहे; परंतु टॅक्सीवाल्यास तें सांगून पाहावें, तो क्षणभर विचारांत पडतो आणि "म्हणजे मेट्रो ना?" असें विचारतो. १९३८ सालीं उघडलेल्या मेट्रो सिनेमानें आद्य क्रांतिकारकावर केलेली ही मात अजून कायम आहे. आणि आतां जमिनीखालून धांवणारी मेट्रोगाडी आल्यामुळें घोटाळा दुप्पट झाला आहे.

या चौकांत मी गेल्या पौष महिन्यांत एक बेस गिटार विकत घेण्यासाठीं गेलों होतों. वाद्याचें नांव वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. आवाज तर सर्वांनींच ऐकला आहे, परंतु तो ओळखणारे थोडे. चित्रपटांतील गाणें चालूं असतां तबल्या-ढोलकीच्या बगलेंतून, गाणाऱ्याच्या शब्दांच्या किती तरी खालीं, जें कांहीं घुमत चाललेलें असतें आणि जें थांबलें असतां गाणें एकदम पोकळ वाटूं लागतें, तें हें वाद्य.

मी स्वतः बत्तीस वर्षें गिटार वाजवीत आलों आहें. कॉलेजांत असतांना हातांत घेतली ती सुटली नाहीं. आमचें कुटुंब मोठें, पुण्यास एकाच वाड्यांत तीन बिऱ्हाडें; त्यामुळें वाद्य शिकणारास श्रोत्यांची वाण नसते, आणि टीकाकारांचीहि नसते. पुतणी गाते, पुतण्या ड्रम वाजवितो, त्याचा एक मित्र व माझे चिरंजीव गिटारी घेऊन बसतात, आणि कोजागिरीस आमची बैठक होते. परंतु तीन गिटारी एका वेळीं सुरू झाल्या म्हणजे लग्नघरांतल्यासारखी स्थिति होते: फोडणी घालावयास सगळे पुढें, पाणी भरावयास कोणी नाहीं. गेल्या कोजागिरीस पुतणीनें मध्येंच गाणें थांबविलें आणि म्हणाली, "काका, तुम्ही तिघेहि वरच वाजवतां. मला पाय टेकायला खालीं जमीनच नाहीं." तिचें म्हणणें खरें होतें. आणि तिघांपैकीं कोणी खालीं उतरावयाचें तर वडील माणसानेंच उतरावें, हें कोणास सांगावें लागलें नाहीं. मुलांच्या मनांत शंका होती ती निराळीच: इतकीं वर्षें पुढें बसून वाजविणाऱ्या काकांना मागें बसणें मानवेल काय? ती शंका माझ्याहि मनांत होती.

हल्लीं वाद्येंसुद्धां घरबसल्या मागवितां येतात, मग मुंबईस जाण्याचें प्रयोजन काय, असें आमच्या वहिनींनीं विचारलें. त्याचें उत्तर त्यांच्याच शब्दांत देणें सोपें होतें. शालू हातांत घेऊन पोत पाहिल्याशिवाय कोणी घेतें काय?

डेक्कन क्वीननें बोरीबंदरास उतरलों आणि महापालिकेच्या इमारतीवरून, आझाद मैदान डाव्या हातास ठेवून, चालत निघालों. कामा हॉस्पिटल आणि फौजदारी कोर्ट ओलांडलें कीं सेंट झेवियर कॉलेजची दगडी इमारत येते. येथें क्षणभर थांबावें असें एक कारण आहे. १९५८ सालीं याच कॉलेजच्या चौकांत अँथनी गोन्साल्विस या गोमंतकी वादकानें मोठा वाद्यवृंद उभा केला, आणि आपल्या रागांवर बांधलेल्या रचना पाश्चात्य पद्धतीनें लिहून काढून त्या वाजविल्या. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले होते. हे गोन्साल्विस दक्षिण गोव्यांतील माजोर्डे गांवचे. संगीतकार प्यारेलाल हे त्यांच्याजवळ व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या "अमर अकबर अँथनी" चित्रपटांत गुरूचें नांव गाण्यांत घालून त्यांनीं ऋण फेडलें. गाणें देशभर गाजलें. तें नांव एका खऱ्या माणसाचें आहे हें ठाऊक असणारे फारच थोडे निघाले.

चौक ओलांडला कीं जेर महाल नांवाची प्रचंड जुनी इमारत लागते. रस्त्यावरून पाहतां खालीं दुकानें व वर लांकडी कठड्यांच्या ओसऱ्या, एवढेंच दिसतें. परंतु हिच्या पोटांत गोव्यांतील कित्येक गांवें राहतात असें म्हटलें तरी चालेल. कोंकणींत यांस कूड म्हणतात; कूड म्हणजे खोली. एकेका गांवाची एकेक कूड. गांवाहून मुंबईस आलेल्या माणसास अगदीं थोड्या वर्गणींत तेथें पथारी टाकतां येई. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, एका बाजूस देवाची वेदी, आणि सायंकाळीं सर्वांनीं मिळून म्हणावयाची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोटीवर चढावयाची वाट पाहणारे खलाशी, नोकरीच्या शोधांत आलेले स्वयंपाकी, शिंपी आणि वादक, सर्वांचें पहिलें बिऱ्हाड हेंच. गिरणगांवांत कोंकणांतल्या गांवकऱ्यांच्या खोल्या असत, तशांतलाच हा प्रकार. आतां कुडींतील वस्ती पूर्वीसारखी दाट राहिलेली नाहीं. बोटीवरचे लोक मात्र अजून उतरतात.

हे सर्व लोक वाद्यें वाजविणारे कसे झाले, याचें उत्तर गोव्याच्या चर्चमध्यें आहे. पोर्तुगीज अमलांत चर्चला जोडून शाळा असत आणि तेथील संगीतशिक्षक, ज्यांस मेस्त्रे म्हणत, मुलांस स्वरलिपि वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. मूळाक्षरांबरोबर स्वराक्षरें, असा तो शिरस्ता. गांवांत उपजीविका थोडी आणि विद्या हातांत. तेव्हां मुंबईचा रस्ता धरणें क्रमप्राप्तच होतें. १९३१ सालीं बोलपट आले, त्यांस कागदावरचें संगीत पाहतांक्षणीं वाजविणारीं माणसें हवीं होतीं, आणि तीं धोबीतलावावर आयतींच होतीं. शंकर-जयकिशन यांच्यामागें सेबास्टियन डिसोझा यांची वाद्यरचना होती. आमच्या रामचंद्र चितळकरांच्या गाण्यांत चिक चॉकलेट या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ट्रंपेटवादकाचा हात होता. येथून पायीं वीस मिनिटांच्या अंतरावर, ऑपेरा हाउसजवळ, प्रोफेसर देवधरांचें संगीतविद्यालय होतें, जेथें कुमार गंधर्व शिकले. तेथें आमचे चुलते-मामा गिरगांवच्या चाळींतून नित्य जात. परंतु मधल्या या चौकांत कोणत्या घराण्याचें गाणें नांदत आहे याची चौकशी त्यांच्यापैकीं कोणी केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. तबकडी मात्र प्रत्येकाच्या घरीं वाजत होती.

तबकडीवर गाणाऱ्याचें नांव असे, संगीत देणाऱ्याचें असे, चित्रपटाचें असे. वाजविणाऱ्यांचें नसे. ही रीति केवळ आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेंत डेट्रॉइट शहरीं जेम्स जेमरसन यानें असंख्य लोकप्रिय गाण्यांना बेस वाजविला, तोहि उजव्या हाताच्या एकाच बोटानें. परंतु त्याचें नांव तबकडीच्या वेष्टनावर छापलें गेलें तें १९७१ सालीं. कॅरोल के या बाईंची हकीकत तर आमच्या भगिनीवर्गानें अवश्य वाचावी अशी आहे. त्या मूळच्या गिटार वाजविणाऱ्या. १९६३ सालीं हॉलीवूडमध्यें एका ध्वनिमुद्रणास बेसवादक आला नाहीं, म्हणून त्यांनीं तें वाद्य हातांत घेतलें. पुढें हजारों ध्वनिमुद्रणांत त्यांचाच बेस वाजत राहिला, आणि मुलाबाळांचा संसार त्या त्यावर चालवीत होत्या. ऐकणारांस पुष्कळ वर्षें पत्ताहि नव्हता.

आतां वाद्याविषयीं. गिटारीस सहा तारा असतात, बेसला सामान्यतः चार. गिटारीच्या खालच्या चार तारा ज्या स्वरांत लावितात त्याच स्वरांत, पण बरोबर एक सप्तक खालीं, या चार लागतात. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२ वेळां कंप पावते, बेसची ४१ वेळां. तार इतकी सावकाश हलावयाची तर ती जाड पाहिजे आणि लांबहि पाहिजे. म्हणून गिटारीची वाजती तार साधारणतः साडेपंचवीस इंच, तर बेसची ३४ इंच असते. पूर्वी हें काम डबल बेस नांवाचें, माणसाहून उंच असें व्हायोलिनचें थोरलें भावंड करी. तें उभें धरून वाजवावें लागे, प्रवासांत त्यास जागा पुरत नसे, आणि मोठ्या वाद्यमेळांत त्याचा आवाज बुडून जाई. सिएटलच्या पॉल टटमार्क यानें १९३० नंतरच्या दशकांत एक तोडगा काढला होता, पण तो रुजला नाहीं. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर यानें काढलेला रुजला. हा गृहस्थ रेडिओ दुरुस्त करणारा. त्यास स्वतःला गिटार वाजवितां येत नसे! त्यानें वाद्य आडवें केलें, पोकळ पेटीऐवजीं भरीव लांकूड घेतलें, तारांखालीं लोहचुंबक व तारेचें वेटोळें बसविलें, आणि दांडीवर पडदे ठोकले. पडद्यांमुळें स्वर अचूक लागूं लागला, म्हणून वाद्याचें नांवच त्यानें प्रिसिजन ठेविलें.

धोबीतलावावर वाद्यांचीं दुकानें बरीच. फुर्तादोंची पेढी १८६५ पासूनची, पियानो आणि चर्चचें साहित्य विकण्यापासून चालत आलेली. मी दोन-तीन दुकानें पाहिलीं आणि शेवटीं एका दुकानांत बैठक मारली. विक्रेत्यानें तीन वाद्यें पुढें मांडलीं. पहिलें पांच तारांचें, जांभळ्या रंगाचें, चकचकीत. पट्टा गळ्यांत घालतांच खांदा खालीं गेला. दुसरें आंखूड, तीस इंच तारेचें. बीटल्समधील पॉल मॅकार्टनी, हाहि मूळचा गिटारवालाच, असलेंच आंखूड, व्हायोलिनच्या घाटाचें बेस वाजवीत आला आहे. आणि गिटारीवर वळलेल्या बोटांस तें सोपें जातें हें खरें. तिसरें पूर्ण लांबीचें, कोणी तरी वापरलेलें, दांडी निमुळती, रंग उडालेला. माझा हात सहाजिकच दुसऱ्याकडे गेला. नखी घेतली आणि आंगवळणीं पडलेल्या दोन-चार ताना सफाईनें वाजविल्या.

कोपऱ्यांत एक वृद्ध गृहस्थ तारा घेण्यासाठीं आलेले बसले होते. डोक्यास टोपी, पायांत चकचकीत केलेले जुने बूट. ते हंसले आणि म्हणाले, "तुमी गिटारवाले, नाय? बोटां बरीं आहेत तुमचीं. पण गिटारवाला बेस घेतो तेव्हां फार बोलतो."

मीं विचारलें, "मग काय करूं, बाब?"

"ती नखी पहिली खिशांत घाला. आतां एकच स्वर वाजवा. आणि बंद करा."

पहिल्या दोन बोटांनीं आलटून पालटून तार छेडावयाची, आणि डाव्या हाताचें बोट किंचित् उचलून ती मिटावयाची. छेडणें लगेच आलें, मिटणें येईना. गिटारीचा स्वर आपणहून विरतो, त्याची चिंता करावी लागत नाहीं. ही जाड तार मात्र जेवून उठलेल्या पाहुण्यासारखी निघतां निघत नाहीं. "स्वर कधीं सुरू झाला तें सगळ्यांना ऐकूं येतें," ते म्हणाले, "कधीं संपला तें फक्त ड्रमवाल्याला कळतें. त्याला विचारा, तो सांगेल तुमी कसले आहांत."

मग त्यांनीं परीक्षेचें कामच हातीं घेतलें. ध्वनिवर्धकाची तार काढावयास लावली. "पहिला लांकडाचा आवाज ऐका, विजेचा मागाहून." वाद्याच्या वरच्या शिंगास हनुवटी टेकवून तार छेडली असतां स्वर हाडांतून कानांत येतो, तो तिन्ही वाद्यांचा निराळा होता, आणि जांभळ्याचा तर जवळजवळ नव्हताच. नंतर सर्वांत बारीक तारेवर एकेक पडदा चढत जावयाचें. पुष्कळ बेसांत पांचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर मुका निघतो, उमटतो आणि चटकन् मरतो. कारण दांडीचें लांकूडच त्याचा कंप गिळून टाकतें. असा मुका स्वर आंखूड वाद्यांत निघाला. जुन्यांतहि होता, पण सौम्य. शेवटीं बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून व मग दाबून वाजवावयाची. दोन्ही स्वर तंतोतंत जुळले तर घोडी जागेवर आहे. तारा सपाट पट्टी गुंडाळलेल्या घ्याव्या, म्हणजे बोट घांसल्याचा आवाज येत नाहीं आणि स्वर गोल राहतो, हाहि त्यांचाच सल्ला. मीं रंग उडालेलें तिसरें वाद्य घेतलें. वजन भरपूर आहे, परंतु रुंद पट्ट्यानें तें सोसतें.

बाहेर पडून आम्ही क्यानीच्या हॉटेलांत चहा घेतला. १९०४ पासूनचें हें इराणी दुकान, लांकडी खुर्च्या, तांबड्या चौकड्यांचीं मेजें, आणि बन-मस्का असा कीं त्यांत मस्का लावण्यांत कंजुषी नाहीं. बाब तेथें मोकळे झाले. वीस वर्षांहून अधिक काळ ते ध्वनिमुद्रणास जात. आधीं डबल बेस, मग बेस गिटार. सकाळीं नऊला हजर व्हावयाचें, कागद समोर येईल तो वाजवावयाचा, सायंकाळीं पैसे घेऊन घरीं. चित्रपटाचें नांव पुष्कळदां कळतहि नसे. "आतां नात मोबाइलवर जुनीं गाणीं लावते. मी म्हणतों, बाय, तो खालचा मीं वाजवला. ती म्हणते, पपा, खालीं कांय आहे? मला तर कांय ऐकूं येत नाय." यावर ते मोठ्यानें हंसले. मला हंसूं आलें नाहीं. एक गाणें त्यांनीं मेजावर बोटांनीं वाजवून दाखविलें. तें आमच्या घरीं प्रत्येकास तोंडपाठ आहे. परंतु त्यांनीं वाजविलेली चाल मीं, बत्तीस वर्षें वाद्य वाजविणाऱ्या माणसानें, त्या दिवशीं प्रथम ऐकली.

घरीं आल्यावर पहिले पंधरा दिवस बोटांस फोड येण्यांत गेले. त्याविषयीं लिहिण्यासारखें कांहीं नाहीं. पुढें मात्र एका सायंकाळीं जें ध्यानांत आलें त्यानें मी चकित झालों. चिरंजीव गिटारीवर सा-ग-प हे तीन स्वर एकत्र छेडीत बसला होता. मीं खालीं षड्ज दिला. घर नीट झाडून ठेवल्यासारखें वाटलें. मग त्यास न सांगतां मी मंद्र धैवतावर उतरलों. त्याचीं बोटें तीच, तार तीच, स्वर तेच. आणि तरी तें सगळें एकाएकीं उदास झालें. त्यानें चमकून आपल्या डाव्या हाताकडे पाहिलें, कीं आपण कांहीं बदललें कीं काय! तंबोऱ्याचा खर्ज स्थिर असतो, म्हणून त्याचें हें सामर्थ्य आपल्याला जाणवत नाहीं; येथें खर्ज चालतो, आणि तो पाऊल टाकील तसा वरच्यांचा अर्थ फिरतो. गिटार वाजवितांना मी इतकीं वर्षें स्वर निवडीत होतों. आतां दुसऱ्यांच्या स्वरांस अर्थ देणें हातीं आलें आहे, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर ही सत्ता मला पुढें बसण्याहून अधिक आवडूं लागली आहे. पुतण्याशीं माझें नातेंहि बदललें. पूर्वी तो मागें ठोके देई आणि मी पुढें आपल्या तंद्रींत असें. आतां त्याच्या पायाखालच्या ढोलाचा ठोका आणि माझी तार एकदम पडली पाहिजे, म्हणून आम्ही दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत वाजवितों. डग्गा आणि चाट यांचें जसें संगनमत, तसें. पुतणी म्हणते, आतां गातांना ती डोळे मिटूं शकते.

वाड्यांत आवाजाबद्दल तक्रार होईल अशी मला धास्ती होती. वर्तमानपत्र वाचीत असतां खिडकीची कांच थरथरते, एवढेंच काय तें थोरल्या बंधूंचें म्हणणें आहे. आमच्या मातोश्री शहाऐंशी वर्षांच्या आहेत. म्हातारपणीं कानांतून आधीं उंच स्वर जातात, खालचे मागाहून. त्यामुळें माझी गिटार त्यांस गेलीं सात-आठ वर्षें ऐकूंच येत नव्हती, मी वाजवीत असलों कीं त्या माझ्या बोटांकडे पाहून मान डोलवीत, तेवढेंच. बेस माजघरांत वाजवितों, तेथें त्यांचा लांकडी झोपाळा आहे. परवां मी वाजवावयाचा थांबलों, तशी त्यांनीं झोपाळ्याच्या फळीवर ठेवलेला तळहात उचलला, आणि विचारलें, "कां रे थांबलास? मघांचें तें खालून येणारें पुन्हां वाजव."